मुलाच्या टिक्ससाठी मॅग्नेशियम-बी६ च्या गमीज द्याव्यात का? ड जीवनसत्त्व पण कमी निघालंय

नाशिकची_आई

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा. माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याचं डोळे मिचकावणं सुरू झालं, म्हणजे साधं नाही, दोन्ही डोळे घट्ट मिटायचे आणि मोठे करून उघडायचे, टीव्हीसमोर बसला की जास्तच. आम्हाला वाटलं चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, नंबर नाही निघाला, ऍलर्जीचे ड्रॉप्स दिले. मग ते मिचकावणं आपोआप गेलं आणि मान डावीकडे झटकायला लागला. ती पण कमी झाली आणि आता घसा खाकरतो, सारखं "ह्म्म ह्म्म", जेवताना, अभ्यास करताना, अगदी मोबाइल बघताना पण. झोपला की सगळं शांत.

सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीये, त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या जंत झालेत, तर जंताची गोळी पण देऊन झाली. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो, ते म्हणाले ह्या टिक्स आहेत, म्हणजे मुद्दाम न करता होणाऱ्या हालचाली आणि आवाज, घाबरू नका, त्याला टोकू नका, बहुतेक मुलांचं जातं. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व १६ आलंय (रिपोर्टवर लाल अक्षरात कमतरता असं छापलंय), हिमोग्लोबिन ११.८ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) १४. ड ची आठवड्यातून एकदा घ्यायची सॅशे दिलीत आणि लोहाचं सिरप.

आता खरा प्रश्न. माझी नणंद न्यू जर्सीला असते, तिने एका येणाऱ्या माणसाबरोबर मॅग्नेशियम आणि बी६ च्या गमीजची मोठी बाटली पाठवलीये. तिथे आयांच्या ग्रुपवर सगळ्या म्हणतात म्हणे की ह्याने टिक्स पार गेल्या. आमच्याकडे एक मल्टिव्हिटॅमिन सिरप आधीपासून चालू आहे, शिवाय शाळेतल्या एका आईने ओमेगा-३ च्या कॅप्सूल सुचवल्यात. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते घाईत "नको काही जास्तीचं" एवढंच बोलले. मी द्याव्यात का ह्या गमीज? जीवनसत्त्वच आहे ना, त्याने अपाय काय होणार असं एक मन म्हणतं. कुणी दिलं असेल तर अनुभव सांगा. रात्री झोप लागत नाही हो, सारखा कान त्या आवाजाकडेच असतो.

सिंहगडरोड_बाबा

ताई, आधी एक सांगतो, तुमचं वर्णन वाचून अंगावर काटा आला कारण माझ्या मुलीचं हुबेहूब असंच सुरू झालं होतं, डोळे, मग नाक ओढणं, मग खांदा उडवणं. ती आता सहावीत आहे.

आम्ही मॅग्नेशियम दिलं होतं, डॉक्टरांना विचारून, थोड्या प्रमाणात. दिल्यावर दोनेक आठवड्यात टिक्स एकदम कमी झाल्या, घरात सगळे खूश, बायकोने तर माहेरी फोन करून सांगितलं की औषध सापडलं. पुढे गणपतीत घरात पाहुणे, जागरण, आरत्या, दंगा, आणि मॅग्नेशियम रोज चालू असतानाच टिक्स परत आल्या, आधीपेक्षा जोरात. मग परीक्षा झाल्यावर कमी. तेव्हा आमच्या लक्षात आलं की ह्या भरती-ओहोटीला स्वतःचंच एक वेळापत्रक आहे, आपण काय देतो त्याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

आणि बघा ना, आपण नवीन काही कधी सुरू करतो? टिक्स सगळ्यात जास्त असतात तेव्हाच. कमी असताना कोण जातंय दुकानात. मग त्या आपोआप कमी होणारच असतात आणि नेमकं त्याच वेळी सुरू केलेल्या गोष्टीला श्रेय जातं, मग ती गमी असो, सॅशे असो नाहीतर मीठ-मोहऱ्या असोत. म्हणून मी एक साधी वही केली, रोज रात्री शून्य ते पाच असा आकडा लिहायचा, त्या दिवशी काय विशेष झालं ते दोन शब्दात आणि झोप किती झाली ते. मुलीला दाखवायची नाही, तिच्यासमोर लिहायची पण नाही. काही महिने लिहिल्यावर चित्र स्पष्ट दिसतं. आमच्याकडे झोप कमी झाली की हमखास वाढ, सर्दी-ताप आला की वाढ, सहलीच्या आदल्या दिवशी पण वाढ, म्हणजे आनंदाने सुद्धा वाढतात, फक्त टेन्शननेच असं नाही.

मेडिकल_काउंटर

मी फार्मासिस्ट आहे, सांगलीला दुकान आहे, त्यामुळे जे रोज काउंटरवर बघतो तेच सांगतो.

ताई, ती गमीजची बाटली, तुमचं मल्टिव्हिटॅमिन सिरप आणि लोहाचं सिरप हे तीनही एका टेबलावर ठेवा आणि मागचं बारीक छापलेलं वाचा. बी६ हे बहुतेक वेळा पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड ह्या नावाने लिहिलेलं असतं म्हणून लोकांच्या लक्षातच येत नाही. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते असतं, गमीमध्ये असणारच, आणि काही लोहाच्या सिरपमध्येही बी-कॉम्प्लेक्स घातलेलं असतं. तीन ठिकाणचं मिळून किती होतं ते आईबाप कधीच जोडत नाहीत. ४ ते ८ वर्षांच्या मुलाची रोजची गरज आहे साधारण ०.६ मिलिग्रॅम, ती पोळी-भाजी, केळं, बटाटा, डाळ-भात ह्यातूनच भागते. अमेरिकेत ह्या वयाला वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम धरतात, पण युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठीच ती १२ वर आणली, मुलांसाठी त्याहून कमी. कारण बी६ दीर्घकाळ जास्त गेलं तर हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येणं, बधिरपणा, चालताना तोल जाणं. लोक म्हणतात पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्तीचं लघवीतून जातं. बी६ च्या बाबतीत ह्या वाक्यावर विसंबू नका.

मॅग्नेशियमचं पण एक. लेबलवर "मॅग्नेशियम सायट्रेट १००० मिलिग्रॅम" असं असेल तर त्यात खरं मॅग्नेशियम १६० च्या आसपासच असतं, बाकी क्षाराचं वजन. काही कंपन्या क्षाराचं वजन छापतात, काही नुसत्या मॅग्नेशियमचं, त्यामुळे दोन बाटल्यांची तुलना करताना घोळ होतो. औषधातून किंवा सप्लिमेंटमधून जाणारं मॅग्नेशियम ४ ते ८ वयाला ११० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं धरतात. जास्त झालं की आधी जुलाब लागतात. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांशिवाय हातच लावायचा नाही.

आणि ड ची सॅशे. ह्यावर मी प्रत्येक गिऱ्हाईकाला थांबवून सांगतो. ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदाच असतं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतंच. लोक पाकीट रोज एक फोडतात, किंवा कोर्स संपला तरी महिनोन्महिने चालू ठेवतात. ड शरीरात साठतं. रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, मूल मलूल पडणं असं होतं. नणंदबाईंनी पाठवलेल्या बाटलीत ड पण असेल तर ते मायक्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असेल, १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, गुणून बघा.

शेवटचं, गमीज चॉकलेटच्या डब्याजवळ ठेवू नका. आठ वर्षांचं मूल खुर्ची घेऊन वर चढतं. आणि लोहाची बाटली तर कुलपातच ठेवा, लहान मुलाने एका दमात जास्त प्यायली तर जिवावर बेततं.

बालरोग_कोल्हापूर

वरच्या दोघांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. मी बालरोगतज्ज्ञ आहे, माझ्याकडे अशी मुलं नेहमी येतात. इथे मूल न तपासता उपचार सांगत नाही, पण जीवनसत्त्वांबद्दल आज काय माहीत आहे ते लिहिते.

आधी टिक्सचं. साधारण ४ ते ६ वर्षांच्या सुमारास सुरू होतात, १० ते १२ च्या आसपास सगळ्यात जास्त जोर असतो आणि पौगंडावस्थेत बहुतेकांच्या बऱ्याच कमी होतात. एक जाते दुसरी येते, हे तुमच्या मुलाचं अगदी नेहमीचं रूप आहे. वर्षाच्या आत असतील तर तात्पुरत्या म्हणतो. हालचालीच्या आणि आवाजाच्या दोन्ही असून वर्षाच्या वर राहिल्या तर त्याला टूरेट म्हणतात. १८८५ मध्ये जिल दे ला टूरेट ह्या फ्रेंच डॉक्टरांनी नऊ रुग्णांचं वर्णन केलं त्यावरून ते नाव. नाव ऐकून घाबरू नका, टूरेट असलेली कितीतरी मुलं शाळा-खेळ-मित्र सगळं नीट सांभाळतात. शिव्या तोंडातून निघणं हे थोड्यांमध्येच असतं.

मॅग्नेशियम-बी६ ची कल्पना हवेतून आलेली नाही. स्पेनमध्ये त्याचा अभ्यास झालाय, मुलांना दोन्ही एकत्र देऊन. थोड्या मुलांना, काय देतोय ते सगळ्यांना माहीत असताना दिलं, त्यात टिक्सच्या तीव्रतेचे गुण कमी झाले. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सिंहगड रोडच्या दादांनी सांगितलेली भरती-ओहोटी तिथेही होतीच की. त्या आधारावर आज कुठलीही मोठी संस्था हे उपचार म्हणून सांगत नाही. आणि तिथला डोस बघा, बी६ किलोमागे रोज २ मिलिग्रॅम. २५ किलोच्या मुलाला झाले ५०. फार्मासिस्ट दादांनी वर मर्यादा दिल्यात, त्याच्याशी ताडून बघा. तिथे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठराविक काळासाठी, तपासण्या करत होतं. ते घरी गमीने करायचं नसतं.

ड चं थोडं वेगळं आहे. चीनमधल्या अभ्यासांत टिक्स असलेल्या मुलांचं ड इतर मुलांपेक्षा सरासरीने कमी दिसलं, आणि कमी असलेल्यांना दिल्यावर काहींच्या टिक्स घटल्या असंही नोंदवलंय. पण ड कमी म्हणून टिक्स, की टिक्समुळे मूल बाहेर कमी खेळतं म्हणून ड कमी, की दोन्हीचा एकमेकांशी काही संबंधच नाही, हे त्यावरून ठरत नाही. आपल्याकडे तर शहरातल्या कितीतरी मुलांचं ड कमीच निघतं, टिक्स असोत नसोत. लॅब २० च्या खाली सगळ्याला कमतरता छापते, आम्ही बालरोगवाले १२ च्या खाली कमतरता आणि १२ ते २० अपुरं असं धरतो. १६ म्हणजे अपुरं. ते भरून काढायचं, हाडांसाठी काढायचंच. टिक्स कमी झाल्या तर उत्तम, पण त्या आशेवर डोस वाढवायचा नाही.

तुमच्या रिपोर्टमधली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट फेरिटिन आहे आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत! हिमोग्लोबिन ११.८ म्हणजे ह्या वयाला ऍनिमिया नाही (सीमा ११.५), पण फेरिटिन १४ म्हणजे लोहाचा साठा तळाला गेलाय. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार व्हायला लोह लागतं आणि टिक्सचा संबंध डोपामिनच्या यंत्रणेशी आहे. कमी फेरिटिन आणि जास्त टिक्स असं काही अभ्यासात दिसलंय. शिवाय लोह कमी असलेल्या मुलांना रात्री पायांची चुळबुळ होते, झोप मोडते, आणि झोप मोडली की टिक्स वाढतात. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी लोह दिलं ते अगदी योग्य. फेरिटिन तापात किंवा संसर्गात खोटं वाढतं, त्यामुळे परत तपासाल तेव्हा मूल बरं असताना तपासा.

ओमेगा-३ वर अमेरिकेत ३३ मुलांवर २० आठवडे अभ्यास झाला, दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेल. २०१२ साली प्रसिद्ध झाला. टिक्सचे गुण फरक पडेल इतके कमी झाले नाहीत, काहींना टिक्समुळे होणारा त्रास जरा कमी वाटला. एन-ऍसिटिलसिस्टिन नावाचं आणखी एक सप्लिमेंट नेटवर सारखं सुचवतात, त्याचा ३१ मुलांवर १२ आठवड्यांचा अभ्यास झाला, फायदा दिसला नाही.

ह्या सगळ्यापेक्षा ज्याचा पुरावा पक्का आहे ते जीवनसत्त्व नाहीच, ते आहे वर्तन-प्रशिक्षण, सीबीआयटी म्हणतात. २०१० मध्ये १२६ मुलांवर १० आठवड्यांचा अभ्यास झाला, प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं स्पष्टपणे सुधारली, नुसता आधार आणि माहिती दिलेल्यांपैकी पाचातल्या एकापेक्षाही कमी. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संस्थेने २०१९ मध्ये तेच सगळ्यात आधी द्यावं असं सांगितलं. त्यात मुलाला टिक येण्याआधीची जाणीव ओळखायला शिकवतात आणि मग तिच्याऐवजी दुसरी हालचाल. मान झटकायची असेल तर हनुवटी हळू खाली घेऊन मानेचे स्नायू ताठ धरायचे, ओढ ओसरेपर्यंत. घसा खाकरायचा असेल तर नाकाने सावकाश श्वास. हे मूल स्वतःच्या इच्छेने करतं, आईने "कर कर" म्हणून होत नाही. बालमानसशास्त्रज्ञ शिकवतात, ऑनलाइनही शिकवतात.

आणि टिक्सचा त्रास मुलाला आहे का आईला, हे पण विचारा स्वतःला. हे दुखवायला म्हणत नाहीये. मुलाला त्रास नसेल तर काहीच न करणं हा सुद्धा उपचारच आहे.

चिंचवडची_मम्मा

डॉक्टर मॅडम, तुमचा आदर आहे पण मला पटलं नाही. माझ्या भाच्याला ड आणि मॅग्नेशियम दिलं आणि त्याच्या टिक्स गेल्या त्या गेल्याच, दोन वर्षं झाली. आमच्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे. अभ्यासात नाही आलं म्हणजे खोटं का? प्रत्येक मुलाचं शरीर वेगळं असतं. आणि न्यूरोकडे गेलं की सरळ झोपेच्या गोळ्यांसारखी औषधं सुरू करतात, मूल दिवसभर पेंगतं, त्यापेक्षा जीवनसत्त्व बरं नाही का? आई म्हणून काहीतरी करावंसं वाटतंच ना, नुसतं बघत कसं बसणार.

बालरोग_कोल्हापूर

ताई, भाच्याच्या टिक्स गेल्या ह्याचा मला खरंच आनंद आहे आणि तुम्ही खोटं सांगताय असं मी मुळीच म्हणत नाही. त्याचं ड फार कमी असेल, झोप-भूक सुधारली असेल, त्याने फायदा झाला असणं शक्य आहे. फक्त बहुतेक मुलांच्या अशाही जातात, त्यामुळे एका मुलावरून कशाने गेल्या ते मला सांगता येत नाही आणि तुम्हालाही नाही. उद्या ह्या ताईंच्या मुलाच्या नाही गेल्या तर त्या डोस वाढवतील, दुसरी बाटली आणतील, माझी काळजी ती आहे.

औषधांचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनी वजन वाढतं, सुस्ती येते, म्हणून ती टिक्समुळे दुखापत होत असेल किंवा शाळा अडत असेल तरच. बऱ्याचदा आधी क्लोनिडिनसारखं सौम्य औषध बघतात. पण ह्या ताईंच्या मुलाला आज कुणी औषध सुचवलेलंच नाही.

तुम्ही म्हणता "काहीतरी करावंसं वाटतं", ते अगदी खरं आहे. मग करा की. झोपेची वेळ पक्की करा, संध्याकाळी मैदानावर सोडा, लोह नियमित द्या. ह्याने झोप सुधारायला मदत होते.

पणजीहून_एक

मी वयाने मोठा आहे, बत्तीस वर्षं ओलांडलीत, आणि मला टूरेट आहे. आयांना आतून कसं असतं ते माहीत नसतं म्हणून लिहितोय.

शिंक यायच्या आधी नाकात जे होतं ना, तसं मला मानेत व्हायचं. शिंक थोडा वेळ अडवता येते, पण ती अडवून धरताना तुम्ही गणित सोडवू शकता का? शाळेत मी अख्खा दिवस अडवून धरायचो, मुलं हसतील म्हणून. घरी आलो, दप्तर टाकलं की सगळं एकदम सुटायचं. आणि आई म्हणायची, "शाळेत तर बाई म्हणतात काहीच करत नाही, घरीच कशी नाटकं सुचतात तुला?" तिला काय माहीत होतं बिचारीला. तर ताई, तो घरी जास्त करत असेल तर समजा की घर त्याला सुरक्षित वाटतंय.

मला पण खूप काही पाजलंय लहानपणी, शंखपुष्पी, ब्राह्मी, बी-कॉम्प्लेक्सची ती पिवळी लघवी करणारी गोळी. त्यातलं कशानेही काही झालं नाही. पण त्या बाटल्यांबद्दल मला एक गोष्ट आठवते. रोज रात्री चमचा तोंडासमोर आला की मला वाटायचं, आपल्यात काहीतरी बिघडलंय आणि हे सगळे ते दुरुस्त करायच्या मागे लागलेत. मग चमचा घेतल्यावर आई टक लावून बघायची, कमी झालं का म्हणून. ती बघायची म्हणून आणखी यायची. तुम्ही गमी द्या किंवा नका देऊ, पण देऊन त्याच्याकडे बघत बसू नका.

मला फरक पडला तो कॉलेजात, एका मानसशास्त्रज्ञाने वर मॅडमनी लिहिलंय तेच शिकवलं तेव्हा. पूर्ण गेल्या नाहीत. ऑफिसात मीटिंगला नाक अजूनही उडतं, सगळ्यांना माहीत आहे, कुणी विचारत नाही.

प्राथमिक_शिक्षिका

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ताई, वर्गशिक्षिकेला सांगा, लपवू नका. आम्हाला माहीत नसलं की आम्हाला पण वाटतं पोरगं मुद्दाम आवाज काढतंय आणि सगळ्यांसमोर ओरडलं जातं. एका वाक्यात सांगा की ह्याला टिक्स आहेत, तो मुद्दाम करत नाही, त्याला थांबवू नका, फार झालं तर पाणी प्यायला बाहेर सोडा. डॉक्टरांची चिठ्ठी दिली तर आणखी बरं.

बसायची जागा पण बघा. हुशार म्हणून किंवा लक्ष राहावं म्हणून पहिल्या बाकावर बसवतात, मग मागचा अख्खा वर्ग त्याची मान बघत बसतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता त्याला मी भिंतीकडच्या रांगेत मागच्या बाजूला, मित्राशेजारी बसवलं, तो मोकळा झाला. प्रकट वाचनाच्या वेळी आधी विचारायचे वाचतोस का म्हणून, तर स्वतःहून हात वर करायला लागला. मुलं आधी नक्कल करतात हे खरं आहे, त्यांना एकदा नीट समजावलं की विसरून पण जातात, मोठ्यांपेक्षा लवकर.

नाशिकची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, रडूच आलं वाचताना, विशेषतः पणजीच्या दादांचं. माझा मुलगा पण बाई म्हणतात शाळेत एवढं करत नाही, आणि मी ह्याच मुद्द्यावरून त्याला परवा बोलले होते.

मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं तसं तीनही बाटल्या काढून बसले. गमीजमध्ये दोनच्या डोसला बी६ १० मिलिग्रॅम आहे आणि मॅग्नेशियम १०० आणि वर ड २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १००० युनिट, सॅशेवर आणखी हे! मल्टिव्हिटॅमिनमध्ये पण बी६ आणि ड दोन्ही निघालं. गमीज बंदच ठेवते, नणंदेला ह्यांच्याकडून फोन करायला लावते, तिने प्रेमाने पाठवलंय, तिला वाईट वाटायला नको. मल्टिव्हिटॅमिनचं पण डॉक्टरांना विचारते. वही आजपासून सुरू करतेय.

दोन गोष्टी राहिल्या. लोहाचं सिरप त्याला आवडत नाही म्हणून मी दुधातून देते, चालतं ना? आणि कधी घाबरायचं, म्हणजे लगेच डॉक्टरांकडे धावायचं ते कसं ओळखायचं?

मेडिकल_काउंटर

दुधातून नको ताई, दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, दह्याबरोबर पण नको, चहा तर अजिबात नको. लिंबू सरबत किंवा संत्र्याच्या रसाबरोबर द्या, दुधाच्या आधी-नंतर दोन तास सोडून. स्ट्रॉने प्यायला द्या आणि लगेच चूळ भरायला लावा, नाहीतर दात काळे पडतात. शी काळी होईल, त्याला घाबरू नका. ड चं सॅशे उलट दुधातून चालतं, स्निग्ध पदार्थाबरोबर ते चांगलं शोषलं जातं. म्हणजे सॅशे दुधात, लोह लिंबात, असं लक्षात ठेवा.

बालरोग_कोल्हापूर

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. हालचाल झोपेतही चालू राहिली, त्या वेळी मूल हाकेला ओ देत नसेल किंवा टक लावून हरवल्यासारखं होत असेल, हातापायातली ताकद कमी वाटली, चाल बदलली, लिहिताना-बोलताना अडखळायला लागलं, तर थांबू नका, ते टिक्स नसून दुसरं काही असू शकतं. घसा दुखून ताप येऊन गेल्यावर एका-दोन दिवसात एकदम खूप टिक्स आणि सोबत विचित्र भीती किंवा सारखं हात धुणं असं सुरू झालं तरी लगेच दाखवा. मान इतकी जोरात झटकतोय की दुखतेय, तरी दाखवा. आणि अभ्यासात लक्ष न लागणं किंवा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं हे टिक्ससोबत बऱ्याच मुलांत असतं, त्याचा त्रास टिक्सपेक्षा जास्त होतो कधीकधी, तेही पुढच्या भेटीत आवर्जून सांगा.

जाताना मोबाइलवर अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडिओ घेऊन जा, त्याच्या नकळत, खेळताना वगैरे. दवाखान्यात आमच्यासमोर ही मुलं हटकून शांत बसतात. आणि त्या तीनही बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो पण न्या.

नाशिकची_आई

हो मॅडम, शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये. व्हिडिओ सकाळीच काढलाय, अंगणात क्रिकेट खेळत होता तेव्हा.